शके १८५१ चं घर: नाशिकमध्ये जुन्या वस्तू जमवायच्या आणि जुना काळ जगून पाहायचा, तर सुरुवात कशी करावी

आत्याच्या घराचा माळा उतरवताना मला तांब्याचा एक हंडा मिळाला. काठाखाली टिंबाटिंबांनी टोचून घातलेलं नाव आणि त्यापुढे ‘शके १८५१’. आत्या म्हणाली, “भांडी बाजारात मोडीत घाल गं, वजनावर चांगले पैसे येतील.” मी शकात ७८ मिळवले. १९२९ चा पाडवा ते १९३० चा पाडवा. याच शकाच्या फाल्गुनात, २ मार्च १९३० ला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या बाईने हा हंडा डोक्यावर घेऊन पाणी भरलं, तिने त्या दिवशी तो जमाव पाहिला असेल का? दार लावून घेतलं असेल का? रात्री जेवताना तिच्या घरात त्यावर काय बोलणं झालं असेल?

हंडा मोडीत गेला नाही. माझ्या दोन छंदांचं मूळ त्याच्यात आहे: जुन्या घरगुती वस्तू जमवणं आणि त्या वस्तूंसह एखादा काळ प्रत्यक्ष जगून पाहणं. दुसऱ्या छंदाला मराठीत अजून पक्कं नाव नाही. आम्ही त्याला ‘काळ जगणं’ म्हणतो. इंग्लंडमध्ये १९६८ साली स्थापन झालेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया मैदानात उभ्या करते. अमेरिकेतही त्यांच्या यादवी युद्धाबाबत असंच चालतं. आपल्याकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे होतात, दिवाळीत अंगणात किल्ला होतो, म्हणजे हौस आहेच. फक्त मिरवणूक दोन तासांत संपते आणि कपडे भाड्याच्या दुकानात परत जातात. इथे ते कपडे तुमचे असतात, भांडी तुमची असतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर देता यावं लागतं.

नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझा कल घरगुती वस्तूंकडे जास्त आहे, ढाल-तलवारीकडे कमी. ते या लेखात दिसेलच.

पहिली पायरी: साल आणि माणूस ठरवा

‘पेशवाई’ किंवा ‘ब्रिटिश काळ’ एवढं ठरवून भागत नाही. पेशवाई शंभर वर्षांहून अधिक चालली; त्यात पगड्या बदलल्या, नाणी बदलली, जेवणातले पदार्थ बदलले. म्हणून एक साल घ्या, आणि त्या सालातला एक माणूस घ्या.

नाशिकमध्ये निवडायला काही कमी नाही. १६८२ च्या सुमाराचा, मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं दाद न देणारा रामशेज किल्ला. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या दिवसांतली आनंदवल्ली. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, जेव्हा विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९२८ चं नाशिक रोड, जिथे नोटांचा छापखाना नुकताच सुरू होत होता. दुसऱ्या महायुद्धातला देवळालीचा लष्करी कॅम्प.

आता माणूस. नव्या माणसाला सरदार किंवा क्रांतिकारक व्हावंसं वाटतं. माझं सांगणं आहे की पहिली दोन वर्षं साधा माणूस व्हा: तांबट, पोस्टमन, छापखान्यातला कारकून, घाटावर फुलं विकणारी बाई. एक तर सरदाराचा खरा पोशाख परवडत नाही आणि खोटा लगेच कळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साध्या माणसाचा दिवस मांडायचा तर तुम्हाला खूप काही शोधावं लागतं. सकाळी दात कशाने घासले? पाणी कुठून आणलं? पगार किती आण्यांचा? कान्हेऱ्यांची भूमिका करणाऱ्याला त्या रात्रीचे प्रसंग पुस्तकात तयार मिळतात. त्याच रात्री नाट्यगृहाबाहेर टांगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल मात्र सगळं स्वतः हुडकावं लागतं.

मी शाळामास्तरांची बायको आहे, साल १९३०, घर सराफ बाजारामागच्या वाड्यात दोन खणांचं. हंडा तिचा.

दुसरी पायरी: नसलेल्या गोष्टींची यादी

बाजारात जाण्याआधी वहीत एक यादी करा: तुमच्या सालात काय नव्हतं. ‘काय होतं’ ही यादी कधी संपत नाही, आणि चुका नेहमी ‘नव्हतं’ मध्येच होतात.

माझ्या १९३० च्या यादीतून थोडं देते. स्टीलचं भांडं नाही; स्टील आपल्या स्वयंपाकघरात सर्रास आलं ते स्वातंत्र्यानंतर. घरात तांबं, पितळ, कासं, तामचिनी, आणि थोडंफार ‘जर्मन’, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. प्रेशर कुकर नाही. डालडाचा डबा नाही. डालडा १९३७ मध्ये आलं, त्यामुळे त्या सुंदर जुन्या पिवळ्या डब्याचा मोह मला आवरावा लागला. नायलॉन नाही. बॉलपेन नाही; टाक, दौत आणि टीपकागद. बोलपट नाही, कारण हिंदुस्थानातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ चा. दादासाहेब फाळके त्या वेळी हयात होते, ते १९४४ मध्ये नाशिकमध्येच वारले. पण मास्तरांची बायको सिनेमाला गेलीच तर तो मूकपट. किलो नाही, लिटर नाही. दशमान वजनं-मापं १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने आली. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. म्हणून शेर, अच्छेर, पायली, मापटं, चिपटं. आणि रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. टपालाचं कार्ड अर्ध्या आण्याला. ही आकडेमोड तोंडी करायला शिका. बाजारहाटाचा प्रसंग करताना तुम्ही “साडेतीन आणे कसले, अडीच घ्या” असं न अडखळता म्हणालात की समोरच्याला तो काळ ऐकू येतो.

शिवकाळ घेतला असेल तर यादी जेवणापासून सुरू होते. चहा नाही. बटाटा, टोमॅटो नाही. शिबिरात पहाटे थंडीत चहा नाही म्हटलं की माणसं हिरमुसतात, पण ताक किंवा नाचणीची आंबील घेऊन बघा.

या यादीसाठी वाचावं लागतं. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर हे सोन्याचं दुकान आहे: घरं, धंदे, कापड, खाणंपिणं, बाजाराचे दिवस, सगळं सरकारी थंड भाषेत. १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या मराठी मासिकांत लेखांपेक्षा जाहिराती आधी वाचा. कोणता साबण, कोणतं केशतेल, कोणतं औषध आणि काय किमतीला, हे तिथे मिळतं. पेशवाईवाल्यांनी सरकारवाड्यात जाऊन खांब, कडीपाट आणि जिन्याची रुंदी बघून यावी. त्या जिन्यावरून नऊवारी नेसून चढायचं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

तिसरी पायरी: आधी स्वतःचा माळा

संग्रहाची सुरुवात विकत घेऊन करू नका. आई, आत्या, मावशी, काकू, मामा यांच्या घरी जा आणि माळ्याबद्दल विचारा. नुसतं “काही जुनं आहे का?” विचारलंत तर “काही नाही रे बाबा, सगळं काढून टाकलं” असं उत्तर येतं. नाव घेऊन विचारा: अडकित्ता आहे का? चंची? पानाचा डबा, चुनाळं? बंब? घंगाळ? फिरकीचा तांब्या? रोवळी, ओगराळं, पंचपाळं? शेवेचा सोऱ्या लाकडी होता की पितळी? नाव ऐकलं की आठवण जागी होते. मग आजी स्वतःच उठतात.

वस्तू हातात आली की तिथल्या तिथे विचारा: कुणाची, कुठून आली, कोण वापरायचं, शेवटची कधी वापरली. फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा, अर्थात त्यांना सांगून. माझ्याकडच्या अडकित्त्याला बाजारात फारसं मोल नाही, पण माझ्या आजेसासूबाई त्याने सुपारी कातरताना कुणाशी बोलत नसत, कारण त्या वेळात त्या मनात हिशेब करायच्या, हे मला त्यांच्या लेकीने सांगितलं. आता १९३० च्या बाईची भूमिका करताना मीही कातरताना बोलत नाही.

नोंदवही ठेवा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, मापं, वजन, कुठून मिळाली, तारीख, काय किमतीला, आणि सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. क्रमांक वस्तूवर रंगवू नका. दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. दहा वस्तूंपर्यंत सगळं लक्षात राहील असं वाटतं. तिसाव्या वस्तूला पहिल्या दहांच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि तोवर सांगणारी माणसं राहिलेली नसतात.

चौथी पायरी: बाजार

आता भांडी बाजार. नवी भांडी घेताना लोक जुनी मोडीत घालतात, त्यामुळे दुकानाच्या मागच्या बाजूला बारदानात पितळ-तांब्याचा ढीग असतो. तिथल्या लोकांशी ओळख वाढवा. सकाळी गर्दी नसताना जा, आधी काहीतरी नवं विकत घ्या, मग विचारा, “काका, मोडीत काही जुनं आलंय का? बघू का जरा?” मी तीन-चार महिने नुसती जात होते. मग एकदा दुकानातल्या काकांनी स्वतःहून हाक मारली: “ताई, तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय.” एक शेराचं माप होतं, काठावर सरकारी शिक्का मारलेलं.

भांड्यात काय बघायचं? नाव घातलेलं असेल तर ते आधी. शक असेल तर काम सोपं होतं. नसेल तर अक्षराचं वळण बघा. हाताने घडवलेल्या भांड्यावर मठारल्याचे ठोके दिसतात, ते एकसारखे नसतात. यंत्रावर दाबून मग वर ठोक्यांची नक्षी उठवलेली नवी भांडी हल्ली खूप आहेत. त्यांचे ठोके शिस्तीत, आणि आतली बाजू गुळगुळीत असते. जुन्या हंड्या-कळशांना सांधा असतो, बोट फिरवलं की लागतो. चुंबक खिशात ठेवा: पितळेला किंवा तांब्याला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. जुन्या भांड्याची झीज जिथे हात लागतो आणि जिथे ते टेकतं तिथेच असते. सगळीकडून सारखंच काळवंडलेलं भांडं बहुधा मुद्दाम काळं केलेलं असतं.

ग्रामोफोनबाबत मी फसले आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. एका दुकानात चकचकीत पितळी कर्ण्याचा, षट्कोनी पेटीचा, कुत्र्याचं चित्र लावलेला ग्रामोफोन ‘शंभर वर्षांचा’ म्हणून मिळाला. मी सहा महिने पैसे साठवून तो घेतला. घरी आणून उघडला तर आतलं यंत्र कुठल्याशा छोट्या सुटकेस-ग्रामोफोनचं, पेटी नव्या लाकडाची, चित्र म्हणजे स्टिकर. असे जोडून बनवलेले ग्रामोफोन देशभर विकले जातात. घेण्याआधी पेटी उघडून दाखवायला सांगा. पेटीच्या आतलं लाकूड आणि बाहेरचं लाकूड एका वयाचं आहे का, स्क्रूंच्या खाचांत जुना मळ आहे का, कर्णा जिथे बसतो तिथे झीज आहे का, हे बघा. दुकानदार उघडून द्यायला नको म्हणाला तर घेऊ नका. खऱ्या यंत्रावर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या लागतात. एका बाजूला एक पोलादी सुई, मग ती फेकायची. घिसलेल्या सुईने तबकडी खरवडली जाते. या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. मऊ कोरडं कापड घ्या, आणि त्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

नाण्यांचं तर नाशिकसारखं शाळेचं ठिकाण नाही. अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. एक नाणं विकत घेण्याआधी तिथे एक दिवस घालवा. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, म्हणजे बरोबर एक तोळा. सोनारकामाचा छोटा काटा जवळ असू द्या. आणि एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ साल, दुसऱ्या बाजूला रामपंचायतन किंवा हनुमान असं ‘दुर्मीळ’ नाणं कुणी दाखवलं तर नमस्कार करून निघा. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही, आणि त्याच्या दैवी शक्तीच्या गोष्टी सांगून लोकांना लाखोंना गंडवलं गेलं आहे.

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना आपलं गाव जवळचं वाटावं असं एक कारण सांगते. पंचम जॉर्जची सुरुवातीची तिकिटं लंडनला छापली जात. १९२६ पासून ती नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. उजेडाकडे धरून बघा: लंडनच्या तिकिटाच्या कागदात एकच तारा, नाशिकच्या तिकिटात अनेक तारे. माझ्याकडे १९३० चं एक पाकीट आहे. ते गावात आलं, गावात फुटलं, आणि त्यावरचं तिकीटही गावातच छापलेलं.

कायद्याचं थोडक्यात, पण गांभीर्याने

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते; ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. दगड, धातू, लाकूड यांच्या जुन्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र हस्तलिखितं घरात असतील तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला आजीची मूर्ती कुरियर करण्याआधी हे लक्षात घ्या. मूर्तींचं तर मी एकच सांगेन: बाजारातून घेऊच नका. ती कुठल्या देवळातून निघाली आहे हे तुम्हाला कळणार नाही.

हस्तिदंताच्या सोंगट्या, फण्या, बांगड्या यांची खरेदी-विक्री बेकायदा आहे. शेतात किंवा वाड्याच्या पायात काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किल्ल्यावरून खापराचा तुकडाही उचलू नका. तो तुकडा जिथे पडला आहे त्या जागेतच त्याची माहिती आहे.

पाचवी पायरी: जपणूक

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. आत्याकडूनच आलेलं एक घंगाळ मी पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या जालीम द्रवाने घासून लखलखीत केलं. त्याच्या काठावरही नाव होतं, आधीच पुसट झालेलं. घासून झाल्यावर ते नव्हतंच. तीन पिढ्यांनी राखेने घासूनही जे उरलं होतं ते मी अर्ध्या तासात घालवलं, आणि आत्याला हे सांगायला मला महिना लागला.

तेव्हापासूनचा नियम: वस्तू आली की आधी फोटो, मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ, मग कोमट पाणी आणि साध्या साबणाचा अगदी हलका हात, आणि लगेच पुसून उन्हात. जुना तपकिरी पडदा तसाच राहू द्या. चिंच-मीठ फक्त त्या भांड्यांना, ज्यांत तुम्ही खरंच स्वयंपाक करणार आहात आणि ज्यांवर अक्षर नाही. धातूवर भुकटीसारखे हिरवे ठिपके पुन्हा पुन्हा येत असतील तर ती वस्तू इतरांपासून वेगळी करा, ओलावा टाळा आणि जाणकाराला दाखवा.

स्वयंपाकाच्या पितळी-तांब्याच्या भांड्यांना आतून कल्हई हवीच. तिच्याशिवाय ताक, चिंच, कोकम घातलेलं काहीही कळकतं, आणि ते पोटात गेलं तर त्रास होतो. कल्हईवाले आता कमी उरले आहेत. जुन्या नाशकात तांबट आळीच्या बाजूला चौकशी करा. जमलं तर समोर उभं राहून बघा: भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचं. आमच्या गटातला एक मुलगा हे बघायला गेला आणि आता स्वतःची भूमिका ‘कल्हईवाला, १९३०’ अशी करतो. भाता ओढताना तो एका वाक्यानेही अभिनय करत नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं त्याच्याचभोवती जमतात.

कागदाचा वैरी म्हणजे नाशिकचं पावसाळी हवामान. जुनी पत्रं, दाखले, लग्नपत्रिका लॅमिनेट करू नका आणि त्यांना चिकटपट्टी लावू नका. दोन्ही उलटवता येत नाहीत. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. कागद सपाट, सुती कापडात, लोखंडी पेटीपेक्षा हवा खेळती असलेल्या कपाटात, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कसर लागू नये म्हणून वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवावी, कागदाला लागून नको. मोडी लिपीतली पत्रं सापडली तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. मोडीचे वर्ग लागतात, आणि चिकाटीने सराव केला तर काही महिन्यांत घरगुती पत्राचा मायना तरी लागतो.

पैठणी किंवा जुनं जरीचं लुगडं घरात असेल तर मलमलीत गुंडाळा, हँगरला लटकवू नका, जरीला अत्तर आणि डांबरगोळी लागू देऊ नका, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. जुन्या घडीवरच रेशीम चिरतं. असं लुगडं नेसून प्रसंग करू नका. तो संग्रह आहे. नेसायला दुसरं घ्या.

सहावी पायरी: कपडे

नेसायचं म्हणजे सुती नऊवारी, साधारण सव्वाआठ मीटर, न शिवलेली. शिवलेली नऊवारी पटकन चढते, पण तिच्यात बसताना, वाकताना, पाटावर कापताना शरीर वेगळंच वागतं. महिनाभर घरी रोज तासभर नेसून कामं करा. पहिल्या आठवड्यात कासोटा सुटतो, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही त्याचा विचार करणं सोडता. १९३० मध्ये शिकलेल्या घरांतल्या तरुण मुली गोल साडी आणि पोलकं वापरू लागल्या होत्या, त्यामुळे एकाच घरात सासू लुगड्यात आणि सून गोल साडीत दाखवता येते. त्यावरून घरात बोलणंही व्हायचंच.

पुरुषांना धोतर, सदरा, कोट आणि टोपी. टोपी जपून निवडा: १९३० मध्ये काळी टोपी, पगडी आणि पांढरी गांधी टोपी या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा होता, आणि सरकारी शाळेतला मास्तर कोणती घालतो यावरून त्याची नोकरी धोक्यात येऊ शकत होती.

कापड घेताना एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख. रेशमाला केस जळल्याचा वास. वितळून कडक गोळी झाली तर ते पॉलिस्टर, परत ठेवा. शिवकाळ किंवा पेशवाई करणाऱ्यांनी रंगांकडेही लक्ष द्यावं. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा आहे, त्यामुळे झगझगीत जांभळा किंवा पोपटी शेला त्याआधीच्या माणसाच्या कमरेला शोभत नाही. हळद, मंजिष्ठा, नीळ यांनी रंगवलेलं सुती कापड शोधा, नाहीतर कोरं घ्या. कोरं कधी चुकत नाही. घड्याळ, चष्म्याची काडी, नखांवरचा रंग, कानातली प्लॅस्टिकची फिरकी आणि चपलेचा तळ, यांवर निघताना आरशासमोर एकदा नजर टाका.

सातवी पायरी: पहिली संध्याकाळ, प्रेक्षक नको

पहिला प्रयोग घरातच करा, चार-पाच जणांत. फोन एका पेटीत. दिवे बंद, कंदील चालू; त्याची वात सरळ कापून घ्या म्हणजे काच काळी होत नाही. जेवण ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा, ताक. मग फक्त ती संध्याकाळ घालवा: धान्य निवडा, पत्र लिहा, मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. पहिला अर्धा तास सगळे हसतात आणि अवघडतात. तासाभराने कुणीतरी सहज कंदिलाच्या उजेडाकडे वही सरकवतं आणि तिथून खोली बदलते. अंधार किती होता आणि उजेडाची जागा घरात कुणाला मिळायची, हे मला वाचून कधीच कळलं नव्हतं.

आधी एका गोष्टीवर बोलून घ्या. १९३० च्या घरात बायका मागून जेवायच्या, सोवळं होतं, पाणवठे वेगळे होते. हे दाखवायचं का? आम्ही ठरवलं आहे: कोणाचाही अपमान होईल ते वागून दाखवायचं नाही, आणि लपवायचंही नाही. प्रसंग संपल्यावर दिवे लावतो आणि त्यावर उघड बोलतो. ज्या माणसाचे पणजोबा त्या काळी आमच्यासारख्या वाड्याच्या दारातही येऊ शकत नव्हते, तो आज आमच्या गटात आहे. त्या संध्याकाळी तो काय सांगतो ते आम्ही ऐकतो.

लोकांसमोर जाताना

शाळा, वाचनालय, सोसायटीचं सभागृह इथून सुरुवात करा. घाटावर किंवा रस्त्यावर करायचं तर महापालिका आणि पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. संरक्षित वास्तूत असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. शहरात अनेकदा जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश लागू असतात, तेव्हा लाकडी काठीचाही प्रश्न येतो. देवळालीचा फौजी करणाऱ्यांनी आजच्या सैन्याशी गल्लत होईल असा गणवेश घालू नये; लोकांना तसा समज व्हावा म्हणून तो घालणं गुन्हा आहे.

शिवकाळ करणाऱ्या मित्रांना: धारेचं शस्त्र आणू नका. दांडपट्टा आणि लाठी मर्दानी खेळ शिकवणाऱ्या गुरूंकडे वर्षभर शिकल्याशिवाय लोकांत फिरवू नका. रामशेजवर जायचं तर जेवण सोबत घेऊन जा आणि खाली कचरा घेऊन उतरा. खरं सांगायचं तर तिथल्या वेढ्याचं मोठेपण लढाईइतकंच शिध्याचं आणि पाण्याचं आहे. माचीवर बसून आज किती माणसांना किती शेर धान्य पुरेल याचा हिशेब मांडणारा कारकून कुणी उभा केला, तर मी तो बघायला पहाटे चढून येईन.

काळारामाच्या सत्याग्रहाबद्दल आम्हाला पुष्कळदा विचारलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्या माणसांच्या बळावर तो वर्षानुवर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यांची भूमिका आम्ही करत नाही आणि मारहाणीचा प्रसंग तमाशासारखा उभा करत नाही. ज्यांच्या घरातून माणसं त्या सत्याग्रहाला गेली होती त्यांना आधी विचारलं. त्यांनी सांगितलं, आमच्या आजीची गोष्ट आम्हीच सांगू. म्हणून दर २ मार्चच्या सुमाराला ते बोलतात आणि आम्ही बसून ऐकतो. मी मास्तरांच्या बायकोच्या वेषात नसते, माझ्या रोजच्या कपड्यांत असते. हंडा मात्र समोर ठेवलेला असतो, पाण्याने भरून, आणि आलेला प्रत्येक जण त्यातलं पाणी पितो.

प्रसंग संपला की त्याच रात्री हंडा रिकामा करून उपडा घालायचा, सकाळी उन्हात. लुगडं साध्या पाण्यात काढून सावलीत. कंदिलातलं रॉकेल बाटलीत परत. आणि नोंदवहीत त्या दिवसाची एक ओळ, तारखेसह.